बारा पॉइंट शून्य शून्य

३ सप्टेंबर

रा. रा. मेहुणेसाहेब,

नमस्कार. त्यात सप्रेम वगैरे धरू नये.

फोन न करता कागद लिहितो आहे, कारण फोनवर बोललेले तुम्ही मागाहून फिरवता. कागद फिरवता येत नाही.

तुमच्या कार्यालयाचे दोन लखोटे काल एकाच टपालाने आले. पहिल्यात असे आहे की धरणाच्या भिंतीतली भेग तीन वर्षांत जराही हललेली नाही, तेव्हा एक ऑक्टोबरला दरवाजे बंद करून पाणी पूर्ण पातळीपर्यंत घ्यायचे. आजवर ते निम्म्यावर ठेवले होते ते याच भेगेपायी. दुसरा लखोटा माझ्या नावाचा. पाणी भरणार अशी कुणकुण गेल्या महिन्यात लागताच मी माझ्या वहीतले आकडे वरच्या साहेबांना कळवले होते. त्यावर त्यांनी लिहिले आहे की हे आकडे कार्यालयाच्या फाइलशी जुळत नाहीत. आपले मोजणीचे पद टिकावे म्हणून आपण भेग वाढवून सांगत आहात काय? खुलासा करावा.

सोबत त्या फाइलचा छापील कागद आहे. फाइल तुमची. ती पाहून मी थक्क झालो. पाचव्या जोडीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा, १२.००. छत्तीस महिने, छत्तीस वेळा.

तुम्ही भिंतीच्या पोटात एकदाच आला होतात आणि पाच मिनिटांत गुदमरतंय म्हणून वर पळालात, तेव्हा थोडे सांगतो. एकशे बारा पायऱ्या उतरल्या की बोगदा लागतो. तिथे भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खुंट्यांच्या नऊ जोड्या ठोकल्या आहेत. प्रत्येक जोडीतले अंतर मी दर महिन्याच्या एक तारखेला काट्याच्या मापाने मोजतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. बावीस वर्षे झाली. माझ्या वहीत पाचव्या जोडीचे अंतर तीन वर्षांपूर्वी एकशे वीस मिलिमीटर होते. आज ते एकशे एकवीसच्या पुढे आहे.

भेग माझ्या वहीत वाढते आणि तुमच्या कागदावर झोपून राहते. दोघांपैकी एक जण खोटे लिहितो आहे. मी नाही. एक तारखेच्या आत काय ते बघा. आमची खोली भिंतीच्या पायथ्यापासून चारशे पावलांवर आहे आणि तिथे तुमची सख्खी बहीण राहते, एवढे लक्षात असू द्यावे.

— आपला मेहुणा


९ सप्टेंबर

दाजी,

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि शिपायानं ते सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. पाकिटावर 'लेखी उत्तर अपेक्षित' असं लाल शाईनं लिहायची काय गरज होती? पुढच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, घरून नोटीस आली का म्हणून.

तुमच्या घरी राहून चार वर्षं शिकलो. त्या चार वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की जेवायला बसल्यावर तुम्ही मला ते ऐकवलं नाही. आता पत्रातूनही तेच. त्यामुळे थोडं मीही ऐकवतो.

तुम्ही दर महिन्याला फॉर्म पाठवता. त्यावर नऊ जोड्यांचा फक्त मागच्या महिन्यापासूनचा फरक असतो. फॉर्म तसाच छापलेला आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. माझा प्रोग्रॅम फाइल उघडतो, शेवटच्या ओळीतले नऊ आकडे एका ॲरेत घेतो. ॲरे म्हणजे आकड्यांची ओळीनं मांडलेली रांग, घाबरू नका. त्यात तुमचा फरक मिळवतो आणि नवी ओळ खाली लिहून फाइल परत ठेवून देतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तुम्हाला वहीत जे करायला सकाळ लागते ते इथं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

आता फाइल कशी लिहायची हे संगणकाला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो एकेका आकड्यापुढे अठरा-अठरा अंक लिहितो आणि वर इंग्रजी ई लावून शेपूट जोडतो. साहेबांनी पहिल्यांदा ती फाइल पाहिली तेव्हा म्हणाले, कागदावर मुंग्या कोणी सोडल्या? म्हणून मी फॉरमॅट बांधून दिला. सेंटीमीटरमध्ये, कारण धरणाचे जुने सगळे तक्ते सेंटीमीटरमध्ये आहेत. आणि दशांशचिन्हापुढे दोन घरं. रकाने कसे दोरी लावल्यासारखे सरळ येतात. साहेबांनी ती फाइल वरच्या मीटिंगमध्ये दाखवली.

तर दाजी, संगणकाला पद टिकवायचं नसतं आणि त्याला चष्माही लागत नाही. तुमचा नंबर शेवटचा कधी तपासलात? पन्नाशी आली. खाली एक दिवा, त्यात ओल, त्यात तो केसाएवढा काटा. वाकडं वाचलं गेलं असेल तर कबूल करा. खुलाशात 'नजरचूक' लिहा, मी साहेबांना सांगतो की सभ्य माणूस आहे, सोडून द्या.

ताईला नमस्कार.

— तुमचा मेहुणा


१३ सप्टेंबर

मेहुणेसाहेब,

नजर तपासून घेतली. वसाहतीच्या दवाखान्यात नर्सबाईंनी तक्ता लावला आणि मी सर्वांत खालची ओळ वाचली. हवे असल्यास दाखला पाठवतो.

माझ्यावर मेहेरबानी म्हणून 'सभ्य माणूस' म्हणणार आहात, ते राहू द्या. मी खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत शिकलो. तिथे गुरुजी एक गोष्ट करून घेत. उत्तर आले की पाटी पुसायची आणि तेच गणित उलट्या बाजूने पुन्हा करायचे. दोन्ही वेळा तेच आले तर बसायचे, नाहीतर उभे. तुम्ही तीन वर्षांत एकदाही उलट्या बाजूने गेलेला नाहीत. सरळ रकाने बघून बसलात.

आता मी सांगतो ते करा. संगणक बंद ठेवा. गेल्या वर्षभराचे माझे बारा फॉर्म तुमच्या कपाटात आहेत. त्याआधीचे तुम्ही फाडून टाकता हे मला ठाऊक आहे. बारा फॉर्म टेबलावर पसरा, पाचव्या जोडीचे बारा फरक पेन्सिलीने एकाखाली एक लिहा आणि बेरीज करा. मग ती बेरीज तुमच्या फाइलमध्ये शोधा. सापडली तर मी पायऱ्या उतरणे सोडून देईन.

तुमच्या ताईला यातले काही सांगितलेले नाही. ती विचारते की इतकी पत्रे कसली. मी म्हटले, कामाची.


१८ सप्टेंबर

दाजी,

घाईत लिहितो आहे.

फॉर्म बघायला वेळ झाला नाही. इकडे पाणी भरण्याची तयारी चालू आहे, रोज तीन-तीन बैठका. तुम्हाला वाटतं तितकं ते सोपं नाही, यात बऱ्याच बाजू असतात. तुम्ही वरच्या साहेबांना आता आणखी काही लिहू नका. खुलाशाची मुदत मी थोडी वाढवून घेतो. मला जरा अवधी द्या.

आणि परस्पर वर गेलात तर चौकशी तुमच्यावर लागेल, माझ्यावर नाही, हे नीट समजून घ्या. फाइल सहीशिक्क्याची आहे. तुमची वही तुमची घरची आहे.

ताईला काही दिवस इकडे पाठवून द्या. मुलांची परीक्षा आहे, घरात तिची मदत होईल.


२१ सप्टेंबर

बारक्या,

मी तुझी ताई. मला पत्र लिहायची सवय नाही, समजून घे.

तुझ्या घरी परीक्षा कसली रे? तुझी धाकटी अजून बालवाडीत आहे. आयुष्यात कधी तू मला मदतीला बोलावलं नाहीस आणि आता एकदम. तुझं हे पत्र ह्यांनी टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेले. मी वाचलं. मग बाकीचीही वाचली, ह्यांच्या डब्यातली. चोरून वाचलं म्हणून मला काही वाटत नाही.

तू काय लपवतोयस ते मला कळत नाही, पण लपवतोयस हे कळतं. तू लहानपणी काच फोडलीस की असाच गोड बोलायचास.

पण मी हे लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. त्या डब्यात तळाला तुझ्या ऑफिसचा आणखी एक कागद मिळाला. असाच रकान्यांचा. तो मागच्या वर्षीचाही नाही, त्याच्या आदल्या वर्षीचा आहे. त्यावर पाचव्या रकान्याला पेन्सिलीनं गोल केलाय आणि बाजूला ह्यांच्या अक्षरात तारीख आहे. बरोबर दोन वर्षांपूर्वीची. खाली लिहिलंय, 'बेरीज पुढे जात नाही. घर कमी.'

म्हणजे ह्यांना तेव्हाच कळलं होतं ना? मला हिशोबातलं कळत नाही, तूच सांग. आणि कळलं होतं तर दोन वर्षं हे रोज माझ्यासमोर जेवले कसे?

त्या भिंतीखाली कपडे मी वाळत घालते. तुम्ही दोघं नाही.

— ताई


२३ सप्टेंबर

दाजी,

ताईचं पत्र मिळालं. आता लपवाछपवी नको, दोन्हीकडून.

तुमचे बारा फॉर्म मी पंधरा तारखेलाच काढले. वेळ नव्हता म्हणालो ते खोटं. बेरीज केली, चारदा केली. गेल्या वर्षात पाचवी जोडी त्रेचाळीस शतांश मिलिमीटर सरकली आहे. माझ्या फाइलमध्ये तिची बेरीज शून्य.

कारण तुम्हाला ठाऊक आहे, पण मी माझ्या हातानं लिहितो. तुमचा फरक महिन्याला तीन किंवा चार शतांश मिलिमीटर. सेंटीमीटरमध्ये ते झालं शून्य पॉइंट शून्य शून्य चार. ॲरेत बेरीज बरोबर होत होती, बारा पॉइंट शून्य शून्य चार. पण फाइलमध्ये मी दोनच घरं ठेवली होती, म्हणून लिहिताना शेवटचा चार गळून पडायचा. तेवढ्यानं बिघडलं नसतं. पण पुढच्या महिन्यात प्रोग्रॅम तीच फाइल वाचायचा. त्याला बारा पॉइंट शून्य शून्य मिळायचं. त्यात पुन्हा चार, पुन्हा गळती. छत्तीस महिने भेग दर महिन्याला नव्यानं सुरू होत होती. मूळ ॲरे मी कुठंच ठेवला नाही, फाइल आहे ना म्हणून.

चूक माझी. सरळ रकान्यांच्या नादात झाली. आठ दिवस मी ती कुणाला सांगितली नाही. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, आणि ताईला तेवढी काढून घ्यावी म्हणून ते परीक्षेचं लिहिलं. त्या वसाहतीत आणखी साठ घरं आहेत हे मला आठवलंच नाही असं समजू नका. आठवत होतं.

पण तुमचं काय? 'घर कमी'. दोन वर्षांपूर्वी तुम्ही दोन शब्दांत माझी चूक लिहून ठेवलीत. एक पोस्टकार्ड टाकलं असतंत तर मी त्याच दिवशी दुरुस्त केली असती. टाकलं नाहीत. डब्यात ठेवलंत. आणि परवा मला लिहिता की 'पाहून थक्क झालो'. तुम्ही थक्क नव्हता, दाजी. तुम्ही वाट बघत होता, मी तोंडघशी पडायची.

मी भित्रा आहे. तुम्ही कोण आहात?


२५ सप्टेंबर

बारक्या,

तुला या नावाने हाक मारायचा अधिकार मला उरला आहे की नाही, माहीत नाही. पण आधीच्या पत्रांतले 'मेहुणेसाहेब' लिहिताना मला गोड वाटत होते, म्हणून ते आता नको.

तू विचारलेस त्याचे उत्तर देतो. 'थक्क झालो' हे खोटे होते. मला दोन वर्षांपूर्वीच कळले होते.

तुझी फाइल ज्या बैठकीत पहिल्यांदा दाखवली, तिला मलाही बोलावले होते, हे तू विसरला असशील. मी शेवटच्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसलो होतो. कोणीतरी विचारले की पूर्वी हे काम कसे होत असे. तू माझ्याकडे बोट केलेस आणि म्हणालास, "आमचे दाजी अजून पाटीवरच आहेत, पुसायला फडकं तेवढं सरकारी." सगळे हसले. मोठे साहेब हसले. मीही हसलो, कारण न हसून कुठे जाणार? त्यानंतर दोन महिन्यांनी वर्षाचा कागद आला. मी वहीशी ताडून बघितला, तर्जनी ठेवून एकेक ओळ. अर्ध्या तासात चूक सापडली. आणि तुला खरे सांगतो, मला फार बरे वाटले. जेवणात मीठ बरोबर पडल्यासारखे वाटले.

मग मी मनाची समजूत घातली. पाणी निम्म्यावर आहे, तोवर भिंतीला भीती नाही. भरायची वेळ येईल तेव्हा सांगू. तेव्हा सर्वांसमोर सांगू, वही उघडून. त्या दिवसाची मी रोज उजळणी करीत असे. मोजायला उतरताना मी देवाचे नाव घेतो, एका पायरीला एकदा. एकशे बारा नावे होतात. गेली दोन वर्षे ती नावे तोंडात असत आणि मनात तू साहेबांपुढे मान खाली घालून उभा असलेला दिसत असे. वर येताना पुन्हा तेच. देवाने ते ऐकले असेल तर काय ऐकले असेल, याचा विचार मी तुझे पत्र आल्यावर पहिल्यांदा केला.

आणि वेळ आली तेव्हा माझे शब्द कोणी धरले नाहीत. वहीला कोण विचारतो? म्हणून तुझ्याकडे आलो, तेही धाक घालत. तू चूक स्वतः शोधावीस आणि मी आधी पाहिली होती हे कोणाला कळू नये, अशी माझी मांडणी होती. तीही फसली.

तू भित्रा आहेस. मी त्याहून वाईट आहे, कारण मला भीती नव्हती. नुसता राग होता, आणि तो मी जपून ठेवला.

हे पत्र साहेबांना दाखवायचे असेल तर दाखव. तुझी चूक तू लेखी दे. तीस तारखेच्या सकाळपर्यंत तसे झाल्याचे कळले नाही तर मी वही आणि तो कागद घेऊन कार्यालयात येऊन बसेन आणि दोघांचेही सांगेन.

तुझी ताई काल अंथरूण घेऊन वरच्या रस्त्याला नर्सबाईंकडे राहायला गेली. जाताना डब्याचे झाकण उघडेच ठेवून गेली.


२९ सप्टेंबर

दाजी,

काल सकाळी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवले. माझा कबुलीजबाब, बारा फॉर्म, पेन्सिलीची बेरीज. नव्यानं लिहिलेली फाइलही ठेवली, दशांशापुढे सहा घरं घेऊन. ती गेल्या वर्षाची, कारण फॉर्म तेवढेच शिल्लक आहेत. त्याआधीचं फक्त तुमच्या वहीत आहे. वही घेऊन या असा तुम्हाला निरोप येईल, ती कुणाच्याही हातात देऊ नका, स्वतः आणा.

साहेबांनी दोनदा वाचलं. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी तिथूनच फोन करून दरवाजे बंद करण्याचा हुकूम थांबवला. मग मला विचारलं, "मोजणाऱ्याला हे कधी लक्षात आलं?"

माझ्या खिशात तुमचं पत्र होतं. आत्ताच, महिन्याभरापूर्वी, असं म्हणता आलं असतं. तुमची सुटका झाली असती आणि तुम्ही जन्मभर माझ्या उपकाराखाली राहिला असता. ते मला एक क्षण फार आवडलं. मग मी पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

खरं म्हणून दिलं की सूड म्हणून दिलं, मला विचारू नका. मलाच ठरवता आलेलं नाही. तुम्ही दाखव म्हणाला होता, एवढा आधार आहे.

बैठकीतलं ते वाक्य मला आठवत नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यावर आठवलं. बोललो होतो. त्याबद्दल माफी मागायला हवी, पण आत्ता मागितली तर ती तुम्हाला खरी वाटणार नाही आणि मलाही वाटणार नाही.


१४ ऑक्टोबर

बारक्या,

वही दिली. साहेबांनी समोर बसवून माझ्याकडून छत्तीस महिन्यांची बेरीज करून घेतली. एकशे एकवीस पूर्णांक एकोणतीस शतांश. मग तीच बेरीज एका नव्या बाईंनी संगणकावर केली. जुळली.

पाणी निम्म्यावरूनही खाली उतरवायला सुरुवात झाली आहे. दरवाजे पाच दिवस उघडे आहेत, नदीचा आवाज वसाहतीत भरून राहिला आहे. भेगेत सिमेंट दाबून भरणार, त्याला वर्ष लागेल असे म्हणतात. मोजणी आता त्या बाई करतील. पहिल्या दिवशी त्या एकशे बारा पायऱ्या न थांबता उतरल्या आणि वर येऊन त्यांनी मला विचारले की पाचव्या जोडीजवळचा दिवा इतका मिणमिणता का ठेवलात. मला भांडारात बसवले आहे, खिळे आणि दोरखंड मोजायला. तुझे टेबल काढून घेतल्याचे कळले. दोघांनाही जे मिळाले ते कमीच आहे, असे मला वाटते. तुला तसे वाटत नसेल तर तू अजून लहान आहेस.

राग गेला असे लिहिणार नाही. तू साहेबांपुढे पत्र ठेवलेस हे वाचले तेव्हा मी तुझा कागद चुरगाळून फेकला, आणि तो पश्चात्तापाने नव्हे. पण ते ठेवलेस हे बरे केलेस. न ठेवतास तर माझ्याकडून पुन्हा काही सांगण्याचे राहून गेले असते.

काल संध्याकाळी वर नर्सबाईंच्या खोलीवर गेलो. तुझी ताई दारात बसून ओले कपडे झटकत होती. मी सांगितले की पाणी उतरते आहे, आता काही धोका नाही, भिंतीवर रोज माणूस जातो, तू घरी चल. तिने हातातला कपडा दोरीवर नीट पसरला, दोन्ही टोकांना चिमटे लावले आणि म्हणाली, "भिंतीचं कळलं मला. तुमचं अजून कळायचंय."

मी परत आलो. खाली वसाहतीत सगळ्या घरांत दिवे लागले होते. आमचा मी जाऊन लावला.